सकाळी ९ चा एसएमएस दुपारी अडीचला का गेला? स्प्रिंग बूट आणि त्याचं शेड्युलिंग शिकताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोअर जावा येतं, दोन महिने व्हिडिओ बघून स्प्रिंग बूट (जावात सर्व्हरची कामं लिहायचा तयार सांगाडा) शिकणं चालू आहे. ऑफिसात एका पतसंस्थेच्या अ‍ॅपमध्ये कर्जदारांना हप्त्याची आठवण करून देणारा एसएमएस रोज सकाळी ९ वाजता पाठवायचं काम आलं. शेड्यूल्ड अ‍ॅनोटेशन लावलं (मेथड ठरल्या वेळी आपोआप चालवायची खूण), लॅपटॉपवर छान चाललं. सर्व्हरवर टाकल्यावर मेसेज दुपारी अडीचला गेले, प्रत्येकाला दोन-दोन गेले, आणि गेल्या आठवड्यात दोन दिवस गेलेच नाहीत. सीनियर म्हणतात क्वार्ट्झ (वेळापत्रकानुसार कामं चालवणारी वेगळी लायब्ररी) लावा. तर क्वार्ट्झ शिकू का, आणि स्प्रिंग नीट शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

आधी हे सांगतो की तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि त्यातल्या दोन क्वार्ट्झ लावूनही जशाच्या तशा राहू शकतात. आज क्वार्ट्झ लावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरा प्रश्न शेड्युलर कोणता हा नाहीच. "काम कधी करायचं" आणि "काम झालंय की नाही" या दोन गोष्टी तुम्ही एकट्या घड्याळावर सोपवल्या आहेत, गाडी तिथे अडली आहे. घड्याळानं फक्त हाक मारावी. काम बाकी आहे का, हे डेटाबेसनं सांगायला हवं. मी सतरा वर्षं जावात सर्व्हरची कामं करतोय, त्यातली बरीचशी बँकिंगची, आणि शेड्युलिंगच्या बहुतेक भानगडींच्या तळाशी मला हीच गल्लत सापडली आहे.

एकेक तक्रार घेऊ.

अडीचचा घोळ सगळ्यात सोपा. तुमच्या क्रॉनमध्ये (काम कधी चालवायचं ते सांगणाऱ्या ओळीत) शून्य, शून्य, नऊ आणि पुढे तीन तारे असणार. लॅपटॉपवर भारतीय वेळ असते, क्लाउडवरचे सर्व्हर आणि कंटेनर बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. यूटीसीचे ९ म्हणजे आपले १४:३०. शेड्यूल्ड अ‍ॅनोटेशनला झोन नावाचा गुणधर्म आहे, त्यात एशिया/कोलकाता लिहिलं की हे सुटतं. पण इथे एक बारीक खाच आहे आणि तिच्यात अनुभवी लोकही पडतात. झोन लिहिल्यानं फक्त मेथड कधी सुरू होणार ते बदलतं. मेथडच्या आत तुम्ही लोकलडेट डॉट नाऊ म्हणालात तर तारीख जेव्हीएमच्या (तुमचा जावा प्रोग्राम ज्यात चालतो त्याच्या) झोनचीच मिळते. सकाळी ९ ला हे कळणार नाही, कारण तेव्हा यूटीसीत पहाटेचे साडेतीन असतात आणि तारीख तीच असते. उद्या कुणी म्हणालं की हे काम रात्री १ वाजता हलवा, की यूटीसीत आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात असतील आणि तुमची क्वेरी कालच्या तारखेचे हप्ते काढेल. एररही येणार नाही. म्हणून तारीख काढताना झोन स्पष्ट द्यायचा, आणि शक्यतो क्लॉक हा ऑब्जेक्ट बीन (स्प्रिंग स्वतः बनवून सांभाळतं तो ऑब्जेक्ट) म्हणून बाहेरून घ्यायचा, म्हणजे टेस्टमध्ये हवी ती वेळ लावून बघता येते.

क्रॉनबद्दल अजून एक, घाईतच सांगतो. लिनक्सच्या क्रॉनला पाच रकाने असतात, स्प्रिंगला सहा, कारण सुरुवातीला सेकंद असतात. पाच रकान्यांचं लिहिलं तर अ‍ॅप सुरू होतानाच तक्रार करतं, ते बरंच. क्वार्ट्झमधून उचललेलं क्रॉन मात्र गुपचूप फसवतं: क्वार्ट्झमध्ये वाराच्या रकान्यात १ म्हणजे रविवार, स्प्रिंगमध्ये १ म्हणजे सोमवार. वार नेहमी एमओएन, टीयूई असे अक्षरांत लिहा.

दोन-दोन मेसेज. तुमच्याकडे लोड बॅलन्सरच्या मागे अ‍ॅपच्या दोन प्रती चालत असणार. शेड्यूल्ड अ‍ॅनोटेशन हे त्या-त्या जेव्हीएमपुरतं असतं. शेजारच्या जेव्हीएममध्ये काय चाललंय याची त्याला गंधवार्ता नसते. दोन प्रती म्हणजे दोन घड्याळं आणि दोन हाका. वेब रिक्वेस्टच्या बाबतीत लोड बॅलन्सर एकाच प्रतीकडे काम देतो, म्हणून तिथे हा प्रश्न कधी दिसत नाही. घड्याळाच्या कामात मध्ये कुणीच उभं नसतं.

यावर सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय मलाही सुचला होता, आणि तो कसा फसला ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वित्तसंस्थेच्या प्रणालीत बचत खात्यांवर व्याज जमा करणारं रात्रीचं काम मी लिहिलं होतं. दोन सर्व्हर आहेत हे मला माहीत होतं. म्हणून मी एक टेबल केलं. काम सुरू होताना त्यात बघायचं, आजची नोंद आहे का. नसेल तर नोंद टाकायची आणि पुढे जायचं. टेस्टिंगमध्ये सगळं बरोबर चाललं. पण दोन्ही सर्व्हरची घड्याळं नेटवर्कवरून जुळवलेली होती. रात्री दोन्ही एकाच सेकंदाला उठले, दोघांनी टेबल बघितलं, दोघांना ते रिकामं दिसलं, दोघांनी नोंद टाकली आणि दोघांनी व्याज जमा केलं. सकाळी माणसं पासबुक घेऊन काउंटरवर उभी होती आणि आम्ही उलट्या नोंदी टाकत होतो. त्या टेबलावर तारखेची युनिक की (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारी अट) असती तर दुसऱ्या सर्व्हरची नोंद डेटाबेसनंच नाकारली असती. आधी बघायचं आणि मग लिहायचं, यामध्ये जी फट असते ती फक्त डेटाबेसच बुजवू शकतो. त्या दिवसापासून घड्याळावरचं कुठलंही काम लिहिताना मी आधी युनिक की कशावर, हे कागदावर ठरवतो आणि मगच कोड उघडतो.

तुमच्या बाबतीत ती की सरळ आहे: कर्जखाते क्रमांक, हप्त्याची तारीख आणि आठवणीचा प्रकार. (तीन दिवस आधीची आठवण वेगळी, हप्ता थकल्यानंतरची वेगळी.) आधी "पाठवायचा आहे" अशी नोंद टाका. ती पडली तरच एसएमएसचा कॉल करा. मग नोंद "पाठवला" अशी बदला. दुसऱ्या प्रतीची तीच नोंद नाकारली जाईल आणि ती पुढच्या खात्याकडे जाईल.

आता कॉल झाला आणि नोंद बदलण्याआधी सर्व्हर बंद पडला तर? तर ती नोंद "पाठवायचा आहे" वर अडकून राहील आणि मेसेज गेला की नाही हे तुम्हाला कळणार नाही. यातून पूर्ण सुटका नाही, हे आधीच मान्य करा. काय करायचं ते कामावर अवलंबून आहे. आठवणीचा एसएमएस दोनदा गेला तर माणूस थोडा वैतागतो, म्हणून तिथे पंधरा-वीस मिनिटं अडकलेली नोंद पुन्हा पाठवायला हरकत नाही. खात्यातून पैसे वळते करायचे असतील तर मात्र आपोआप पुन्हा प्रयत्न करायचा नाही, समोरच्या प्रणालीला आपला संदर्भ क्रमांक देऊन आधी विचारायचं. हा निर्णय तुमच्या संस्थेतल्या लोकांना विचारून घ्या, तो आपल्या मनानं घेण्यासारखा नाही.

याच टेबलाचा आणखी एक फायदा होतो. तुमची आताची क्वेरी बहुधा "तीन दिवसांनी ज्यांचा हप्ता आहे ते" अशी असेल. ती "येत्या तीन दिवसांत ज्यांचा हप्ता आहे आणि ज्यांची आठवणीची नोंद नाही ते" अशी करा. मग मेथड ९ लाच चालली पाहिजे ही सक्ती उरत नाही. ९ ते १२ दर दहा मिनिटांनी चालवा. ९ ला सर्व्हर रीस्टार्ट होत असेल तर ९:१० ची हाक ते काम उचलेल, आणि काम आधीच झालं असेल तर क्वेरीत एकही ओळ येणार नाही. एखादा दिवस सगळंच बंद राहिलं तरी दुसऱ्या दिवशी ती खाती आपोआप सापडतील. स्प्रिंगचा शेड्युलर चुकलेली वेळ लक्षात ठेवत नाही. ९ ला अ‍ॅप बंद असेल तर त्याच्या लेखी ९ वाजलेच नव्हते.

तिसरी तक्रार, दोन दिवस मेसेज न जाणं, ही सगळ्यात गंभीर आहे. इथे लॉग बघूनच ठरेल, पण कुठे बघायचं ते सांगतो. लॉगमध्ये प्रत्येक ओळीत थ्रेडचं (ते काम चालवणाऱ्या धाग्याचं) नाव असतं. तुमच्या शेड्यूल्ड कामांच्या सगळ्या ओळींवर शेड्युलिंग-१ असंच दिसतंय का बघा. स्प्रिंग बूटमध्ये शेड्युलरच्या पूलचा (थ्रेडच्या संचाचा) आकार मुळात १ असतो. म्हणजे अ‍ॅपमध्ये तुमची पाच शेड्यूल्ड कामं असली तरी ती एकाच थ्रेडवर एकामागून एक होतात. (जावा २१ वर व्हर्च्युअल थ्रेड चालू केले असतील तर चित्र वेगळं असतं, तुमच्या सेटिंगमध्ये ते आधी तपासा.) आता एसएमएस गेटवेला (मेसेज पुढे पाठवणाऱ्या सेवेला) कॉल करणारा रेस्टटेम्प्लेट तुम्ही साधा न्यू करून घेतला असेल, तर त्याला टाइमआउट (उत्तराची वाट किती वेळ बघायची याची मर्यादा) नसतो. गेटवेनं कनेक्शन घेतलं आणि उत्तरच दिलं नाही, तर तो थ्रेड तिथेच बसून राहतो, तासन् तास, दिवस न् दिवस. एकुलता एक थ्रेड अडकला की बाकी सगळी कामंही गप्प. लॉगमध्ये एरर नाही, वेब पानं नीट उघडतात, कुणाला शंका येत नाही. मग कुणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं आणि "आपोआप" चालू होतं. तुमच्याकडेही असंच झालं होतं का, ते ऑपरेशन्सवाल्यांना विचारा. पुन्हा झालं तर रीस्टार्टच्या आधी जेस्टॅकनं थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड कुठे आहे याची यादी) काढा आणि शेड्युलिंग-१ कुठल्या ओळीवर थांबलाय ते बघा. सॉकेट रीडवर, म्हणजे नेटवर्कवरच्या उत्तराची वाट बघताना, दिसला तर चोर सापडला.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. बाहेरच्या प्रत्येक कॉलला कनेक्ट आणि रीड असे दोन्ही टाइमआउट लावा. आणि स्प्रिंग डॉट टास्क डॉट शेड्युलिंग डॉट पूल डॉट साइझ ही किंमत कामांच्या संख्येनुसार वाढवा. नुसता पूल वाढवून टाइमआउट विसरलात तर एकाऐवजी पाच थ्रेड अडकतील, एवढाच फरक. काही जण यावर शेड्यूल्डच्या डोक्यावर असिंक (काम वेगळ्या थ्रेडवर ढकलायची खूण) लावून मोकळे होतात. त्यानं थ्रेड सुटतो हे खरं, पण मग आधीची फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होऊ शकते, जे एरवी होत नाही. कळून-सवरून लावायचं असेल तरच लावा.

न जाण्याचं दुसरं कारण लूपमध्ये असू शकतं. समजा त्या दिवशी ६०० खाती आहेत आणि ४१७ व्या खात्याचा मोबाइल नंबर रिकामा आहे. नल पॉइंटर येतो, मेथड तिथेच तुटते, पुढचे १८३ लोक राहतात. स्प्रिंग तो एरर लॉगमध्ये लिहितो आणि पुढच्या वेळी मेथड पुन्हा चालवतो, पण क्रम तोच असल्यामुळे ती पुन्हा ४१७ वरच आपटते. म्हणून ट्राय-कॅच लूपच्या आत, प्रत्येक खात्याला वेगळा. (जावाचा स्वतःचा शेड्यूल्ड एक्झिक्युटर थेट वापरत असाल तर आणखी जपा: त्यात ठरावीक अंतरानं चालणाऱ्या कामातून एकदा एक्सेप्शन बाहेर पडलं की ते काम पुढे कायमचं थांबतं.)

आता क्वार्ट्झ. क्वार्ट्झ चांगलं आहे, मी वापरतो. वापरकर्त्यानं स्क्रीनवरून वेळ ठरवायची असेल, शेकडो वेगवेगळी वेळापत्रकं असतील, ती डेटाबेसमध्ये जपायची असतील, चुकलेल्या वेळेचं काय करायचं हे प्रत्येक कामाला वेगळं सांगायचं असेल, तर क्वार्ट्झ घ्या. डेटाबेसचा जॉबस्टोअर आणि क्लस्टरिंग चालू केलं तर दोन प्रतींपैकी एकच काम उचलते, हेही खरं. म्हणजे तुमच्या सीनियरांचा सल्ला दुसऱ्या तक्रारीपुरता बरोबर आहे. पण त्याबरोबर क्वार्ट्झची टेबलं येतात, ट्रिगर आणि मिसफायरचे (चुकलेल्या वेळेचे) नियम येतात, आणि टाइमआउट नसलेला कॉल तिथेही अडकतोच. एका ठरलेल्या वेळेच्या एका कामासाठी मी शेडलॉक घेईन. ती छोटी लायब्ररी आहे, डेटाबेसमध्ये चार रकान्यांचं एक टेबल ठेवते, आणि ज्या प्रतीला कुलूप मिळालं ती काम करते, बाकीच्या वाट न बघता ती फेरी सोडून देतात. त्यात लॉकअ‍ॅटमोस्टफॉर नावाची मर्यादा द्यावी लागते: प्रत मेली तर कुलूप किती वेळानं आपोआप उघडायचं. ती कामाच्या नेहमीच्या वेळेपेक्षा ऐसपैस ठेवा. काम त्याहून लांबलं तर कुलूप उघडतं आणि दुसरी प्रत आत शिरते. म्हणूनच कुलूप असलं तरी युनिक की काढायची नाही. कुलूप गर्दी टाळायला, की चूक टाळायला.

सीनियरांशी बोलताना "क्वार्ट्झ नको" असं म्हणू नका. तीन तक्रारी, तीन कारणं आणि थ्रेडचं नाव दिसणाऱ्या लॉगच्या चार ओळी त्यांच्यापुढे ठेवा. निर्णय लगेच होईल.

स्प्रिंग कुठून शिकायचं, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण माझ्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे. व्हिडिओ बघून तुम्हाला अ‍ॅनोटेशनं पाठ झाली आहेत. ती काय करतात हे अजून हाताला लागलेलं नाही, आणि यात दोष शिकवण्याच्या क्रमाचा आहे. स्प्रिंग २००४ साली १.० झालं, स्प्रिंग बूट २०१४ साली. बूटनं मधली सगळी जोडाजोड झाकून टाकली. काम भराभर होतं, पण नव्या माणसाला आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून आठवडाभर बूट बाजूला ठेवा. नुसत्या स्प्रिंगचा अ‍ॅप्लिकेशन कॉन्टेक्स्ट मेन मेथडमधून हातानं बनवा, दोन बीन नोंदवा, एक दुसऱ्यात घाला, आणि त्यांच्या क्लासचं नाव प्रिंट करा. मग कॉन्फिगरेशनमध्ये ट्रान्झॅक्शन मॅनेजमेंट चालू करा, एका बीनच्या मेथडवर ट्रान्झॅक्शनल (डेटाबेसचे बदल सगळे टिकवा नाहीतर सगळे रद्द करा, असं सांगणारी खूण) लावा आणि पुन्हा प्रिंट करा. नावापुढे लांबलचक शेपूट दिसेल. ती प्रॉक्सी. तुमच्या ऑब्जेक्टच्या दाराशी स्प्रिंगनं उभा केलेला माणूस. बाहेरून येणारा कॉल त्याच्यामार्फत आत जातो आणि तो ट्रान्झॅक्शन उघडतो. त्याच क्लासमधल्या एका मेथडनं दुसरीला हाक मारली तर कॉल घरातल्या घरात होतो, दाराशी जातच नाही, आणि ट्रान्झॅक्शन उघडत नाही. हे एकदा डोळ्यांनी बघा: मेथडच्या शेवटी मुद्दाम एक्सेप्शन फेका आणि टेबलात ओळ उरते की जाते ते बघा. तुमच्या एसएमएसच्या कोडमध्ये शेड्यूल्ड मेथड त्याच क्लासमधल्या ट्रान्झॅक्शनल मेथडला बोलवत असेल, तर ही चूक आत्ता या क्षणी तिथे आहे. नोंद टाकणारी मेथड वेगळ्या क्लासमध्ये न्या. आणि गेटवेचा कॉल ट्रान्झॅक्शनच्या बाहेर ठेवा, नाहीतर समोरचा उत्तर देईपर्यंत डेटाबेसचं कनेक्शन अडून बसतं. हिकारीच्या (बूटमध्ये डेटाबेसची कनेक्शनं सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या) पूलमध्ये मुळात १० च कनेक्शनं असतात.

त्यानंतर जेडीबीसी टेम्प्लेट (एसक्यूएल स्वतः लिहायचं), मग जेपीए (ऑब्जेक्टवरून एसक्यूएल आपोआप बनतं). हा क्रम उलटा करणारे बरेच आहेत, पण एसक्यूएल दिसत असताना ट्रान्झॅक्शन समजणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे. जुने व्हिडिओ ओळखायची एक खूण सांगतो: इम्पोर्टमध्ये जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स दिसलं तर ते बूट ३.० च्या, म्हणजे नोव्हेंबर २०२२ च्या आधीच्या धाटणीचं आहे. आता तिथे जकार्ता असतं आणि जावा किमान १७ लागतं. कल्पना तीच आहे, पण टाइप केलेलं कंपाइल होणार नाही आणि तुम्हाला उगाच वाटेल की आपलंच चुकतंय.

शेड्युलिंगसाठी पुस्तक नको, एक संध्याकाळ पुरे. दोन शेड्यूल्ड मेथड लिहा. एक दर पाच सेकंदांनी वेळ आणि थ्रेडचं नाव छापेल, दुसरी सुरू होऊन मिनिटभर झोपेल. चालवा आणि पहिली मिनिटभर कशी गप्प होते ते बघा. मग पूल २ करा. मग पहिलीला फिक्स्डरेट देऊन तिलाच आठ सेकंद झोपवा, नंतर फिक्स्डडिले देऊन तेच करा, आणि छापलेल्या वेळांमधलं अंतर वहीत लिहा. एक मागची सुरुवात धरून मोजतं, दुसरं मागचा शेवट धरून.

शेवटी तोच जार दोन टर्मिनलवर चालवा, एक ८०८० वर आणि दुसरा ८०८१ वर, दोन्ही एकाच डेटाबेसला जोडून. एसएमएसच्या जागी नुसती एक ओळ छापा. सर्व्हरवरचा डबल मेसेज तुमच्या टेबलावर, डोळ्यांसमोर घडेल. मग युनिक की लावा आणि पुन्हा चालवा. एका टर्मिनलवर मेसेजची ओळ येईल, दुसऱ्यावर नोंद नाकारल्याचा एरर. तो एरर पकडून "दुसऱ्यानं घेतलं, पुढे चला" असं लिहिलंत की सोमवारी ऑफिसात टाकण्याजोगा कोड तुमच्याकडे तयार असेल.